लाडाचें वजन

दोन वर्षांमागें इयत्ता आठवीच्या मुलांस मीं ‘आमच्या घरांतील प्राणी’ ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. वह्या तपासतां तपासतां एका मुलीच्या वहींतील एका वाक्यापाशीं माझी लाल पेन्सिल थांबली. तिनें लिहिलें होतें कीं, आमचा कुत्रा इतका गुबगुबीत झाला आहे कीं पाहुणे त्याला पाहून हसतात. दोन पायऱ्या चढला कीं तो बसून घेतो, म्हणून आम्हीच त्याला उचलून वर नेतों. आमचें त्याच्यावर फार प्रेम आहे. शुद्धलेखनाची एकही चूक त्या वाक्यांत नव्हती. तरी तें वाचून मला जें वाटलें तें गुणांच्या रकान्यांत लिहितां येण्यासारखें नव्हतें. तें येथें लिहीत आहें. त्या वेळीं माझ्या स्वतःच्या घरींही अगदीं तसाच एक कुत्रा होता हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. नाहीं तर मास्तर लोकांच्या घरांत डोकावतात असा ग्रह व्हावयाचा.

आमचा मोती जातीनें स्पिट्झ. पांढरा, केसाळ, ज्याला आपल्याकडे सरसकट पॉमेरियन म्हणतात त्यांपैकीं. केसांमुळें त्याची जाडी झांकली जाई, आणि थोडी दिसे तिचेंही आम्हांस कौतुकच वाटे. लस टोंचावयास नेला असतां पशुवैद्यांनीं त्याला कांट्यावर उभें केलें. कांट्यानें 9 किलो 600 ग्रॅम दाखविले. त्याचें हाडपेर पाहून डॉक्टर म्हणाले, “हा सात किलोचा कुत्रा आहे.” मी म्हणालों, “अडीच किलो म्हणजे कांहीं फार नव्हे.” त्यावर त्यांनीं मला शांतपणें त्रैराशिक मांडावयास लावलें. सातास नऊ पूर्णांक सहा दशांश, तर सत्तरास किती? छप्पन्नास नव्हे, एकूण शहाण्णव. सत्तर किलोच्या माणसानें आणखी सव्वीस किलोंचें ओझें रात्रंदिवस, झोंपेंतसुद्धां, अंगावर वागवावें तशी त्या मुक्या जीवाची स्थिति होती. शिक्षकास अशा वेळीं जी लाज वाटते ती निराळीच असते.

लहान कुत्र्याच्या बाबतींत हा प्रमाणाचा हिशेब आपण नेहमीं विसरतों. चहाबरोबरचें एक साधें बिस्किट घ्या. त्यांत सुमारें 25 कॅलरी असतात. माणसाला तें कांहींच नव्हे. परंतु ज्या कुत्र्याला दिवसाकाठीं तीनशें कॅलरी पुरे, त्याला तें एक बिस्किट म्हणजे तुम्हांआम्हांला दीड पोळी! जेवणावर दीड पोळी जास्त झाली तर आपण पोटावरून हात फिरवितों, मोतीला मात्र तशा सहा वेळां दीड दीड पोळ्या चारून वर आम्ही म्हणत असूं, “आज बिचाऱ्यानें कांहींच खाल्लें नाहीं.”

ह्या तीनशेंचा हिशेब कसा करावयाचा हें गणिताची आवड असलेल्या मुलांसाठीं सांगतों. कुत्र्याचें जें वजन असावयास पाहिजे तें किलोंत घ्या. त्याचा घन करा. त्याचें वर्गमूळ काढा, आणि आलेल्या उत्तराचें पुन्हां वर्गमूळ काढा. त्यास 70 नें गुणा. सातांचा घन 343. वर्गमूळ सुमारें 18.52, त्याचें वर्गमूळ 4.3, सत्तरांनीं गुणिलें कीं 301. स्वस्थ पडलेल्या शरीराला दिवसभर लागणाऱ्या ऊर्जेचा हा अंदाज होय, आणि वजन उतरवावयाचें असतां पशुवैद्य बहुधा येथूनच आरंभ करितात. हिशेबांत आजचें वजन न घेतां इच्छित वजन कां घ्यावयाचें, हें ज्याच्या लक्षांत येईल त्याला ह्या विषयांतलें अर्धें समजलें.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आमच्या सहावींतल्या मुलीनें आठ दिवस एक वही ठेविली. मोतीच्या तोंडांत जें जें जाईल तें तिनें टिपावयाचें आणि कोणीं दिलें हेंही लिहावयाचें. वहींतला एका दिवसाचा जमाखर्च असा होता: सकाळीं माझ्या पत्नीनें तूप लावलेली अर्धी पोळी, रात्रीं उरलेली अर्धी, मिळून 145 कॅलरी, आजोबांनीं चहाबरोबर सहा बिस्किटें, 150, सकाळचें दूध, 70, मुलांच्या हातचे पावाचे तुकडे, सुमारें 50, आणि त्याचें स्वतःचें खाद्य वाटींत राहिलें होतें तें धरून 210. बेरीज सव्वासहाशें. जितकें पाहिजे त्याच्या दुपटीहून अधिक. आश्चर्य हें कीं घरांतील एकाही माणसानें त्याला फार दिलें नव्हतें. प्रत्येकानें ‘थोडेंसें’च दिलें होतें.

“खाऊं द्या हो, मुकें जनावर, त्याला दुसरें सुख तें कोणतें?” असें आपल्याकडे वडीलधारी माणसें म्हणतात, आणि तें म्हणण्यांत दया असते ह्याविषयीं मला शंका नाहीं. परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर आतां अंदाजानें देण्याचें कारण उरलेलें नाहीं. अमेरिकेंत 48 लॅब्रडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांवर जन्मभर लक्ष ठेवण्यांत आलें. जोडींतील एकाला दुसऱ्यापेक्षां चतुर्थांश कमी अन्न दिलें जाई, बाकी सर्व सारखें. 2002 सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी जेवणाऱ्यांचें मध्यक आयुष्य 13 वर्षें भरलें, भरपूर जेवणाऱ्यांचें 11.2, आणि सांध्यांचे विकारही कमी जेवणाऱ्यांस पुष्कळ उशिरां जडले. पुढें 2019 सालीं पन्नास हजारांहून अधिक पाळीव कुत्र्यांच्या दवाखान्यांतील नोंदींवरून बारा जातींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या बाराही जातींत लठ्ठ कुत्रे कमी जगतात असें दिसून आलें. जर्मन शेफर्ड जातीच्या नरांत हा तोटा सुमारें पांच महिन्यांचा होता. यॉर्कशायर टेरियर ह्या चिमुकल्या जातीच्या नरांत तो अडीच वर्षांचा होता. म्हणजे ज्याला आपण मांडीवर घेऊन भरवितों त्याचाच तोटा सर्वांत मोठा. मांडीवरचा कुत्रा बारा-तेरा वर्षें जगतो म्हणावें, तर त्यांतलीं अडीच वर्षें आपण बिस्किटांवर खर्च करितों.

आयुष्य कमी होतें इतकेंच नव्हे, उरलेलेंही सुखाचें जात नाहीं. डॅक्सहुंड जातीचा आंखूड पायांचा लांबट कुत्रा अनेकांनीं पाहिला असेल. त्याच्या कण्यांतील मणक्यांमधल्या चकत्या मुळांतच लवकर कठीण होऊन सरकतात. तशांत पोटाचें ओझें वाढलें कीं पाठीवरचा ताण वाढतो, आणि चकती सरकून मागचे पाय लुळे पडले म्हणजे मग पश्चात्ताप होतो. पग ह्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला श्वास घेणेंच कष्टाचें. चरबीनें तें आणखी कठीण होतें, आणि आपल्याकडील एप्रिल-मे महिन्यांत तर तें जिवावर बेतूं शकतें. पॉमेरियनासारख्या लहान जातींत श्वासनलिका दुबळी असण्याचा व गुडघ्याची वाटी सरकण्याचा संभव असतो. दोन्ही विकार वजनानें बळावतात. मोती रात्रीं खोकत असे. आम्ही समजत होतों कीं त्याला थंडी बाधली.

आपला कुत्रा लठ्ठ आहे कीं केसाळ आहे हें कसें ओळखावें? त्याची एक सोपी खूण सांगतों. हीसाठीं कोणतेंच यंत्र लागत नाहीं. आपल्या एका हाताचा पंजा सरळ, जमिनीशीं समांतर धरा आणि दुसऱ्या हाताचीं बोटें पालथ्या पंजावरून फिरवा. कातडीखालीं हाडें लागतात, पण टोंचत नाहींत. कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा लागल्या पाहिजेत. मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून बोटें फिरविलीं असतां जसें लागतें तसें लागलें तर कुत्रा फार रोड आहे. आणि तळहाताच्या मांसल भागासारखें लागलें तर समजावें कीं आमच्या मोतीस जोडीदार मिळाला. वरून पाहतां कुत्र्याला कंबर दिसली पाहिजे, आणि बाजूनें पाहतां पोट बरगड्यांच्या मागें वर चढलेलें दिसलें पाहिजे.

ही परीक्षा होतांच घरच्या घरीं उपवास मात्र सुरू करूं नये. पहिलें पाऊल पशुवैद्यांकडे. कांहीं कुत्रे खाण्यानें लठ्ठ झालेले नसतात. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि मंद झाली, किंवा मूत्रपिंडाजवळील ग्रंथि बिघडून कुशिंगचा विकार जडला, तरी अंग सुजवट व पोट लोंबतें दिसतें. खाज किंवा दम्यासाठीं दिलेल्या स्टेरॉइड औषधांनींही भूक वाढते. अशा कुत्र्याचें अन्न तोडणें म्हणजे तापाच्या मुलाला अभ्यास केला नाहीं म्हणून शिक्षा करण्यासारखें आहे. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याची अन्नाची गरज पूर्वींपेक्षां कमी होते, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें. वाटी मात्र तीच राहते.

लाडाच्या चुकीइतकीच वाईट अशी दुसरी चूक आहे, आणि ती उत्साही माणसें करितात. आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं आपल्या पगला वजन उतरविण्यासाठीं दोन दिवस उपाशीं ठेविलें आणि तिसऱ्या दिवशीं स्कूटरमागें पळविलें. तो वाटेंत कोसळला. दैव बलवत्तर म्हणून वांचला. ह्या गृहस्थांचा हेतु वाईट नव्हता. पण वर्षांच्या आळसाची भरपाई आठवड्यांत करूं पाहणारी बुद्धि परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणाऱ्या विद्यार्थ्याची असते. सुरक्षित गति म्हणजे आठवड्यास शरीराच्या वजनाच्या शेंकडा एक ते दोन. मोतीच्या बाबतींत शेंकडा एक म्हणजे सुमारें 96 ग्रॅम. ह्या गतीनें सातावर येण्यास एकतीस आठवडे लागतात, आणि तितके लागूं द्यावे. नेहमींचेंच अन्न निम्में करूनही भागत नाहीं. कारण कॅलरीबरोबर प्रथिनें, क्षार व जीवनसत्त्वें हींही निम्मीं होतात, आणि चरबीऐवजीं स्नायु झडूं लागतात. म्हणून वजन उतरविण्यासाठीं मुद्दाम बनविलेलें, प्रथिनें अधिक व कॅलरी कमी असलेलें खाद्य डॉक्टरांच्या सल्ल्यानें द्यावें. घरीं शिजवून द्यावयाचें असल्यास त्याचें प्रमाणही त्यांजकडूनच घ्यावें. खाद्य वाटीनें मोजूं नये, तराजूवर ग्रॅमांत मोजावें. वाटीची शीग कोणाच्या हातीं किती चढते तें कोणीं सांगावें? तीनशेंपैकीं तीस कॅलरी खाऊसाठीं बाजूस ठेवून उरलेल्या 270 खाद्यांतून द्यावयाच्या. पिशवीवर 100 ग्रॅमांस 300 कॅलरी असें छापलें असेल तर दिवसाचे 90 ग्रॅम झाले. ते दोन-तीन वेळां विभागून द्यावेत. खाऊ म्हणून काकडी, गाजर, मीठ न घालतां उकडलेली फरसबी ह्यांचे लहान तुकडे चालतात, आणि कुत्र्याला देणाऱ्याच्या हाताचें मोल तुकड्याच्या आकारापेक्षां अधिक वाटतें हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

सन 2012 मध्यें अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत ओबी नांवाचा एक डॅक्सहुंड पुष्कळ गाजला. त्याचें वजन 77 पौंड, म्हणजे 35 किलो होतें. डॅक्सहुंडाला दहा-बारा किलो पुष्कळ झाले. त्याला वाढविणारीं वृद्ध माणसें दुष्ट नव्हतीं. त्यांना त्याला ‘नाहीं’ म्हणवत नसे. पुढें पशुवैद्यकीय कामाचें शिक्षण घेतलेल्या एका बाईंनीं त्याला सांभाळावयास घेतलें. त्याच्या पाठीस अपाय होऊं नये म्हणून आरंभीं चालण्यावर भर न देतां मोजून दिलेल्या अन्नावर भर देण्यांत आला. सुमारें वर्षभरांत त्याचें वजन निम्म्याहून खालीं आलें, आणि लोंबणारी कातडी शस्त्रक्रियेनें काढावी लागली. त्याचीं पूर्वींचीं व नंतरचीं छायाचित्रें पाहून लोक चमत्कार म्हणतात. मला त्यांत रोजचा तराजू दिसतो.

व्यायामाविषयीं थोडेंच लिहितों, कारण वजन मुख्यतः ताटलींत उतरतें, रस्त्यावर नव्हे. तरी चालणें हवें. पहिल्या आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ दहा दहा मिनिटें, तीं कुत्र्याच्या चालीनें, आपल्या नव्हे. मग हळूहळू वाढवावें. गळपट्ट्याऐवजीं छातीभोवतीं येणारा पट्टा बांधावा म्हणजे श्वासनलिकेवर ओढ बसत नाहीं. उन्हाळ्यांत डांबरी रस्त्यावर पालथा हात सात सेकंद ठेवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवत नाहीं. जिने आणि पलंगावरून उड्या, वजन उतरेपर्यंत नकोतच.

सणांच्या दिवसांविषयीं मात्र आमच्या घराला साजेल असा एक इशारा दिलाच पाहिजे. नाताळचा केक आमच्याकडे मनुका-बेदाण्यांवांचून होत नाहीं, आणि मनुका, बेदाणे, द्राक्षें हीं कुत्र्याच्या मूत्रपिंडांस विषासारखीं बाधूं शकतात. किती खाल्लीं असतां बाधतील ह्याचा नेम नाहीं. चॉकलेटही त्याला विषारी. दिवाळीच्या चिवड्यांत लसूण असतो, रश्शांत कांदा. दोन्हींनीं त्याच्या रक्ताची हानि होते. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेल्या गोळ्या तर घरांत जमिनीवर पडूंसुद्धां देऊं नयेत. सणाच्या दिवशीं ‘त्याचाही सण आहे’ म्हणून जो घास दिला जातो तो लठ्ठपणाच्याही पलीकडचा धोका असतो.

आतां ज्या गोष्टीमुळें हा लेख लिहावासा वाटला ती. माझी आई वारल्यापासून वडील दुपारीं एकटे असत. चार वाजतां स्वतः चहा करावयाचा, खुर्चींत बसावयाचें, आणि मोतीबरोबर बिस्किटें खावयाचीं, हा त्यांचा नेम झाला होता. वहींतील बेरीज पाहून मीं त्यांना, मुलांच्या देखत, जें बोललों तें बोलावयास नको होतें. “बाबा, तुम्हीच त्याला मारीत आहां,” असें मी म्हणालों. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं बिस्किटें बंद केलीं, स्वतःचींही. चहाच्या वेळीं ते दार लोटून घेऊं लागले, आणि मोती बाहेर बसून दार ओरबाडूं लागला. कुत्र्याचें वजन उतरावयास लागलें होतें, पण घरांत कांहीं तरी भलतेंच उतरत चाललें होतें.

माझ्या मुलीनें तें ओळखलें. ती तराजू आणि वही घेऊन त्यांच्या खोलींत गेली आणि म्हणाली, “आजोबा, मला शाळेच्या घाईंत सकाळीं मोजायला जमत नाहीं. तुम्ही कराल का?” त्या दिवसापासून ते 90 ग्रॅम वडिलांकडे आले. त्यांनीं आयुष्यभर पोस्टांत काम केलें होतें. वजन करणें हा त्यांचा हातचा मळ. त्यांतले दहा ग्रॅम ते डबींत काढून ठेवीत आणि चार वाजतां चहाबरोबर एकेक दाणा मोतीला देत. घटका भर तें चाले. मोतीला सहा बिस्किटांहून तें अधिक आवडूं लागलें असें मी म्हणणार नाहीं, पण दार पुन्हां उघडें राहूं लागलें.

दर पंधरा दिवसांनीं मी मोतीला घेऊन कांट्यावर उभा राहीं, मग एकटा उभा राहीं, आणि वडील वजाबाकी करीत. दर आठवड्यास करूं नये. घरगुती कांटा शंभर ग्रॅमांनीं सरकतो, आणि आठवड्याची उतार तितकीच, तेव्हां उगीच आशानिराशा होते. तीन महिन्यांत साडेआठ किलो झाले. नंतर चौथ्या महिन्यांत कांटा एका जागीं अडून बसला. असें होतें हें डॉक्टरांनीं आधींच सांगितलें होतें. शरीर हलकें झालें कीं त्याची गरजही कमी होते. तरी वडिलांना चैन पडेना. त्यांनीं पुन्हां आठ दिवस, घरांत कोणासही न सांगतां, सर्वांवर पाळत ठेविली. रविवारीं जेवणाच्या वेळीं त्यांनीं वही उघडून वाचली: रात्रीं साडेदहा, वह्या तपासतांना, खारे शेंगदाणे, अंदाजें दहा, देणारे, मास्तर. मुलें इतकीं हसलीं कीं मला पाणी प्यावें लागलें. वडीलही हसले. कित्येक महिन्यांनीं.

त्या निबंध लिहिणाऱ्या मुलीच्या वहींत मीं तेव्हां ‘छान’ असा शेरा दिला होता. पुढें एका शनिवारीं शाळा सुटल्यावर तिला थांबवून मीं पालथ्या पंजाची ती खूण दाखविली आणि आईवडिलांना घेऊन कुत्र्याला डॉक्टरांकडे नेण्यास सांगितलें. तिचा कुत्रा आतां पहिल्या मजल्यापर्यंत स्वतः चढतो असें ती परवां म्हणाली. दुसऱ्यावर अजून नेतात. आमच्या मोतीला सातावर यावयास अकरा महिने लागले आणि अजूनही तो पुरता सातावर नाहीं. मागल्या वजनाला 7 किलो 200 ग्रॅम भरला. रात्रींचा खोकला थांबला आहे. मी शेंगदाणे डब्यांत, फळीवर, झांकण घट्ट लावून ठेवितों. आणि वडिलांची वही चालूच आहे.